एडमंड फिट्झजेराल्ड : सरोवरात बुडालेले जहाज

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहा. मिठाईचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा एक लांबट रिकामा डबा घ्या. झाकण बाजूला ठेवा आणि डबा पाण्याने भरलेल्या टबात तरंगू द्या. मग त्यात बारीक खडी सारखी पसरून भरा. डब्याची कड पाण्यापासून दोन बोटे वर राहील इतकी खडी झाली की थांबा. डबा अजून छान तरंगतो आहे. खडीचा थर मात्र डब्याच्या निम्म्यापर्यंतसुद्धा आलेला नाही, वरची सगळी जागा रिकामी आहे.

आता लहान पेल्याने त्या खडीवर पाणी ओतायला लागा आणि वरून नीट बघत राहा. पहिला पेला खडीत जिरून जातो, दुसराही जातो. वरून पाहिले तर खडी फक्त ओली दिसते, पाणी कोठेच दिसत नाही. डबा थोडा खाली बसतो, पण तो इतका हळू बसतो की जवळून पाहिल्याखेरीज कळत नाही. पुढे एखाद्या पेल्याला डब्याचे एक टोक जरा झुकते, आतले सगळे पाणी त्या टोकाकडे धावते, ते टोक आणखी झुकते आणि डबा तळाशी जातो. इतके पेले होईपर्यंत फारसे काही घडले नाही, आणि शेवटच्या पेल्याला मात्र दोन सेकंदांत सगळे आटोपले.

हा डबा डोळ्यांसमोर ठेवून आता एका खऱ्या जहाजाची हकीकत वाचा.

उत्तर अमेरिकेत अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे लेक सुपीरियर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून थोडे अधिकच! सर्वांत जास्त खोली ४०६ मीटर. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावचा तलाव उभा राहतो. येथे ते चित्र पुसून टाकावे लागेल. येथे एका काठावरून दुसरा काठ दिसत नाही आणि वादळे होतात ती समुद्रावरच्यासारखी. पाणी मात्र गोडे आहे. या सरोवराच्या पश्चिमेस मिनेसोटा राज्यात लोखंडाच्या खाणी आहेत आणि पोलादाचे कारखाने खालच्या सरोवरांच्या काठी डेट्रॉइट, टोलेडो या बाजूला आहेत. खनिज तिकडे न्यायचे तर जहाजासारखे स्वस्त साधन नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्यांतून खनिज वाहणारे बार्ज ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल. फरक आकाराचा आहे.

तो आकार केवढा, हे ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ या जहाजावरून पाहू. लांबी २२२ मीटर, रुंदी २३ मीटर, तळापासून डेकपर्यंतची उंची सुमारे १२ मीटर. जून १९५८ मध्ये मिशिगन राज्यातील रिव्हर रूज येथे ते पाण्यात सोडले गेले तेव्हा या सरोवरांतले ते सर्वांत मोठे जहाज होते. एका विमा कंपनीने आपला पैसा गुंतवण्यासाठी ते बांधून घेतले आणि कंपनीच्या अध्यक्षाचे नाव त्याला दिले. समारंभाला पंधरा हजारांवर माणसे जमली होती. अध्यक्षांच्या पत्नीला शँपेनची बाटली जहाजावर फोडायला तीन प्रयत्न करावे लागले. पुढे अर्ध्या तासाहून अधिक वेळ जहाज जागचे हलेना, आणि हलले तेव्हा ते घसरत जाऊन समोरच्या धक्क्यावर आदळले. नंतर लोकांनी यात अपशकुन शोधला. आपण त्यात वेळ घालवायला नको. पुढची सतरा वर्षे त्या जहाजाने जे काम केले ते पाहिले तर त्याच्याइतके शकुनाचे जहाज शोधून सापडणार नाही.

जहाज वाहत असे टॅकोनाइट. टॅकोनाइट हा लोखंडाचे प्रमाण कमी असलेला कठीण खडक आहे. तो दळून पीठ करतात, चुंबकाने त्यातले लोहयुक्त कण वेगळे काढतात आणि त्यांच्या बोराएवढ्या गोळ्या वळून भट्टीत भाजतात. या गोळ्या धक्क्यावरच्या घसरगुंड्यांतून थेट जहाजाच्या पोटात ओतल्या जात. एक फेरी जाऊन-येऊन साधारण पाच दिवसांची. हिवाळ्यात सरोवरांवर बर्फ धरतो म्हणून तेवढा काळ सोडला, तर वर्षभर हेच काम चाले. एका मोसमात सर्वाधिक माल वाहून नेण्याचे विक्रम या जहाजाने अनेकदा केले आणि बरेचदा मोडले ते स्वतःचेच विक्रम. पीटर पल्सर नावाचा त्याचा एक कप्तान फार रसिक होता. डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर या नद्यांमधून जाताना तो ध्वनिक्षेपकावर संगीत लावी आणि काठावर जमलेल्या लोकांना जहाजाची माहिती सांगे. १९७५ च्या नोव्हेंबरपर्यंत जहाजाच्या अंदाजे ७४८ फेऱ्या झाल्या होत्या. मैलांत मोजले तर अंतर दहा लाख मैलांच्या पुढे जाते.

आता थोडे गणित करू. हे जहाज म्हणजे जवळजवळ एक लांब पेटीच होती. पाण्याच्या पातळीवर तिचा छेद सुमारे २२२ × २३, म्हणजे ५,१०० चौरस मीटर. पेटी एक सेंटिमीटर खाली बसली तर ती किती पाणी बाजूला सारेल? ५,१०० × ०.०१ म्हणजे ५१ घनमीटर. गोड्या पाण्याच्या एका घनमीटराचे वस्तुमान एक टन, तेव्हा ५१ टन. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे जहाजात ५१ टन भर पडली की ते एक सेंटिमीटर खाली जाणार.

शेवटच्या सफरीत डेक पाण्याच्या पातळीपासून सुमारे साडेतीन मीटर उंच होते. या उंचीला नाविक ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात. ३५० सेंटिमीटर गुणिले ५१ टन, म्हणजे जवळजवळ १८,००० टन. डेक पाण्याला टेकण्यापूर्वी जहाज आणखी एवढे ओझे पेलू शकत होते. ही जहाजाची राखीव तरणशक्ती. घरात अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला ठेवलेले असतात, तशीच ही शिल्लक असते. रोज लागत नाही, पण संकटात तीच उपयोगी पडते.

ही शिल्लक हळूहळू कमी केली गेली होती. जहाजात किती माल भरावा हे त्याच्या बाजूवर रंगवलेली भाररेषा ठरवते. १९६९, १९७१ आणि १९७३ या वर्षी नियम बदलले आणि १९५८ च्या मूळ आराखड्यापेक्षा जवळजवळ एक मीटर अधिक खाली बसण्याची परवानगी या जहाजाला मिळाली. एक मीटर म्हणजे आपल्या गणिताने पाच हजार टनांहून अधिक राखीव शक्ती गेली. कोणी ती चोरून नेली नव्हती. सगळे नियमांप्रमाणे, कागदोपत्री झाले होते. प्रत्येक फेरीला जास्त माल जातो, मालकाचा फायदा होतो आणि पुष्कळ वर्षे काही बिघडतही नाही. माझ्या मते या साऱ्या हकीकतीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि वादळाच्या वर्णनांत तो बहुधा हरवून जातो.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास जहाज विस्कॉन्सिनमधील सुपीरियर बंदरातून निघाले. पोटात सुमारे २६,५०० मेट्रिक टन टॅकोनाइट, जहाजावर एकोणतीस माणसे आणि कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली. थोड्याच वेळात टू हार्बर्सहून निघालेले ‘आर्थर एम. अँडरसन’ हे दुसरे मालवाहू जहाज सोबतीला आले. अँडरसनचा कप्तान होता कूपर. दोघेही अनुभवी. नैर्ऋत्येकडून कमी दाबाचे एक केंद्र सरोवराकडे येत होते. ते सरोवराच्या दक्षिणेकडून निघून जाईल असा आधी अंदाज होता. संध्याकाळी वादळी वाऱ्याचा इशारा मिळाला आणि मध्यरात्रीनंतर तो आणखी कडक झाला.

येथे भूगोल आणि भौतिकी एकत्र आणावे लागतात. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. केंद्र दक्षिणेकडे असेपर्यंत वारा ईशान्येकडून येत होता. म्हणून दोन्ही जहाजांनी नेहमीचा मार्ग सोडून कॅनडाच्या बाजूच्या उत्तर किनाऱ्याजवळून जायचे ठरवले. का? लाट केवढी होईल हे नुसत्या वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. वारा किती वेळ वाहिला आणि त्याला मोकळ्या पाण्यावर किती लांबचा पल्ला मिळाला, यांवरही ते ठरते. किनाऱ्याच्या आडोशाला हा पल्ला लहान, म्हणून लाटाही लहान. निर्णय बरोबर होता.

पण दहा तारखेला केंद्र सरोवरावरूनच पुढे सरकले. दुपारी वारा थोडा पडला आणि मग वायव्येकडून जोरात वाहू लागला. एव्हाना जहाजे उत्तर किनारा संपवून सरोवराच्या पूर्व टोकाकडे आली होती आणि आग्नेयेस व्हाइटफिश उपसागराच्या आसऱ्याला जायला निघाली होती. या वायव्य वाऱ्याला आता दोनशे किलोमीटरहून अधिक लांब मोकळे पाणी मिळाले. लाटा मागून येऊ लागल्या आणि वाढत गेल्या. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट, तिप्पट झाली की नऊपट. संध्याकाळी अँडरसनने दहा मीटरहून उंच लाटा आणि ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचे झोत नोंदवले. फिट्झजेराल्डचे डेक पाण्यापासून साडेतीन मीटर उंच होते, हे लक्षात आहे ना?

दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅक्सॉर्लीने बिनतारी संदेशाने अँडरसनला कळवले की डेकवरचा कठडा मोडला आहे, हवेच्या दोन नळ्यांची झाकणे गेली आहेत आणि जहाज एका बाजूला कलले आहे. पंप चालू आहेत. जहाज त्याआधीच कॅरिबू बेटाजवळून गेले होते. हवेची नळी ऐकायला क्षुल्लक वाटते. समजा, तिचा व्यास २० सेंटिमीटर आहे आणि तिच्या तोंडावर एक मीटर पाणी उभे आहे. पाणी आत शिरण्याचा वेग √(२gh) या सूत्राने सेकंदाला साधारण ४.४ मीटर येतो. छेदाचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर धरले तर सेकंदाला सुमारे १३० लिटर, म्हणजे तासाला साडेचारशे टनांहून अधिक पाणी! अर्थात नळीचे तोंड सतत पाण्याखाली नसते, लाट वरून गेली की तेवढ्यापुरतेच. पण लाटा थांबत नव्हत्या.

चार वाजून गेल्यावर दोन्ही रडार बंद पडले. त्यातच बर्फ पडू लागलेला आणि व्हाइटफिश टोकाचे दीपगृह व त्याचा बिनतारी संकेतही वीज गेल्यामुळे बंद. आंधळा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतो, तसे हे जहाज मागून येणाऱ्या अँडरसनच्या रडारवर विसंबून चालू लागले. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अँडरसनवरच्या अधिकाऱ्याने विचारले, तुमचे कसे काय चालले आहे? मॅक्सॉर्लीने सांगितले, आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर काही मिनिटांतच अँडरसनच्या रडारवरचा तो ठिपका दिसेनासा झाला. संकटाचा संदेश आला नाही. उपसागर सुमारे २७ किलोमीटर पुढे होता.

व्हाइटफिश उपसागरात सुखरूप पोचलेल्या अँडरसनला तटरक्षक दलाने विचारले, परत जाऊन शोध घेता येईल का? ते त्याच वादळात परत गेले. ‘विल्यम क्ले फोर्ड’ नावाचे आणखी एक जहाज निघाले. दोन फुटक्या जीवरक्षक होड्या आणि तराफे सापडले. एकोणतिसांपैकी एकही माणूस सापडला नाही.

चार दिवसांनी जहाजाचा ठाव लागला तो कसा, हे तुम्हांला आवडेल. अमेरिकन नौदलाच्या एका विमानात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील सूक्ष्म फरक टिपणारे यंत्र होते. पाणबुड्या शोधण्यासाठी ते वापरतात. पोलादाच्या कपाटाजवळ होकायंत्र नेले की त्याची सुई जरा ढळते, तोच हा प्रकार. पाण्याखालच्या पोलादाने आपली जागा दाखवली. पुढे ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेतले आणि मे १९७६ मध्ये दूरनियंत्रित यंत्र पाठवून छायाचित्रे काढली. सुमारे १६० मीटर खोलीवर जहाजाचे दोन मोठे तुकडे पडले होते. नाळेकडचा तुकडा सरळ उभा, मागचा पालथा आणि मध्ये टॅकोनाइटचा खच. येथे एक चमत्कारिक गोष्ट पाहा. पाणी १६० मीटर खोल आणि जहाज २२२ मीटर लांब. नाळ खाली करून ते बुडाले असेल तर नाळ तळाला आपटली तेव्हा मागचे टोक पाण्याच्या वर असू शकेल!

बुडण्याच्या कारणाबद्दल तज्ज्ञांत एकमत झाले नाही. १९७७ मध्ये तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने सांगितले की हॅचची, म्हणजे माल भरायच्या तोंडांची झाकणे नीट बंद नव्हती आणि त्यांतून पाणी झिरपत राहिले. अशी तोंडे एकवीस होती. प्रत्येक सुमारे ३.४ मीटर रुंद आणि १४.६ मीटर लांब, झाकण फक्त आठ मिलिमीटर जाड पोलादाचे. १९७८ मध्ये वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हटले, पाणी झिरपले एवढेच नव्हे, तर लाटांच्या भाराने एखादे झाकण आत कोसळले असावे. हे शक्य आहे का, ते स्वतः पाहा. झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर. त्यावर दोन मीटर उंचीचे पाणी उभे राहिले तर १०० घनमीटर, म्हणजे शंभर टनांचा भार. लाट वेगाने आदळते तेव्हा त्याहूनही जास्त. जहाजमालकांच्या संघटनेला दोन्ही निष्कर्ष पटले नाहीत. त्यांच्या मते जहाज कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला घासले, तळाला भेग पडली आणि तेथूनच ते कलले. या मताला १९७६ च्या एका पाहणीने थोडा आधार मिळाला. उथळ भाग नकाशात दाखवला होता त्यापेक्षा सुमारे एक मैल पूर्वेकडे पसरलेला आढळला.

पाणी वरून आले की खालून, हा वाद चालू राहील. पण एक गोष्ट सर्वांना मान्य आहे, आणि त्यासाठीच मी तुम्हांला आधी तो डबा घ्यायला लावला. खनिज जड असते. वजनाची मर्यादा गाठली तरी जहाजाच्या पोटात पुष्कळ जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा म्हणजेच राखीव तरणशक्ती, आणि पाणी नेमके तेथेच शिरते. मालाच्या कोठाराचे तीन भाग होते, पण त्यांमधले पडदे पाणी अडवणारे नव्हते. एका ठिकाणी शिरलेले पाणी कोठेही जाऊ शकत होते. गोळ्यांच्या ढिगाऱ्यात ते वरून दिसत नाही. आणि कोठारात पाणी आहे की नाही, असल्यास किती, हे सांगणारे कोणतेही साधन जहाजावर नव्हते. कप्तानाला कल दिसत होता, पंपांचा आवाज ऐकू येत होता. त्याला ५१ टनांमागे एक सेंटिमीटर हे गणित आपल्याहून कितीतरी चांगले येत होते. पण गणितात घालायचा आकडाच त्याच्याजवळ नव्हता. ‘आम्ही तग धरून आहोत’ हे तो खोटे बोलला नसावा.

या अपघातानंतर सरोवरांवरील नियम बदलले. खोली मोजणारी यंत्रे सक्तीची झाली, थंड पाण्यापासून बचाव करणारे पोशाख प्रत्येक खलाशाला मिळू लागले, लाटांचे अंदाज सुधारले, नोव्हेंबरच्या वादळांपूर्वी झाकणांची तपासणी होऊ लागली. इतके मोठे मालवाहू जहाज त्या सरोवरांत त्यानंतर बुडालेले नाही. जहाजाची घंटा १९९५ मध्ये वर काढून व्हाइटफिश टोकावरच्या संग्रहालयात ठेवली आहे. तिच्या जागी खाली दुसरी घंटा बसवली, तिच्यावर एकोणतीस नावे कोरलेली आहेत. समुद्रावर खनिज, धान्य अशा सुट्या मालाची वाहतूक करणाऱ्या जहाजांना कोठारात पाण्याची पातळी दाखवणारी साधने बसवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम मात्र २००४ मध्ये लागू झाला.

असे साधन तुमच्या डब्यातही बसवता येईल. दोन्ही टोके उघडी असलेली प्लॅस्टिकची एक पारदर्शक नळी घ्या. खालच्या टोकाला दोन-चार खाचा पाडा आणि ती डब्यात उभी धरून भोवती खडी भरा. नळीत मावेल असा थर्मोकोलचा एक तुकडा आत सोडा आणि त्यात झाडूची एक काडी टोचा, तिचे टोक नळीच्या बाहेर दिसले पाहिजे. आता पहिल्यासारखेच पेल्यापेल्याने पाणी ओता. काडी दर पेल्याला किती वर सरकते आणि डबा किती मिलिमीटर खाली बसतो, दोन्ही वहीत लिहीत जा. डब्याची लांबी-रुंदी मोजून एका मिलिमीटरला किती ग्रॅम हे आधी काढले असेल, तर डबा कोणत्या पेल्याला बुडेल हे तुम्हांला तो बुडण्यापूर्वी साधारणपणे सांगता येईल. आडाखा चुकला तर बहुधा तो दोन-तीन पेल्यांनी जास्तच निघेल. असे का, ते डब्याच्या झुकणाऱ्या टोकाकडे पाहून ठरवा.